तीस खाटा, दोन सिस्टर

नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या 27 वर्षांच्या स्टाफ नर्सने विचारलंय. तिचा जनरल वॉर्ड 30 खाटांचा आहे आणि बहुतेक वेळा पूर्ण भरलेला असतो. दिवाळीपासून तीन सिस्टर सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. नाइटला दोघीच असतात, त्यातली एक नुकतीच पास झालेली. महिन्याला पाच-सहा डबल ड्युट्या होतात. घर खापरीला, नवरा बुटीबोरी एमआयडीसीत शिफ्टमध्ये, मुलगा चार वर्षांचा. ती लिहिते: ‘बेल वाजली की अंगात राग भरतो. परवा एका आजोबांवर ओरडले, ते सारखे लघवीसाठी बोलावत होते. घरी आल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. ऑफच्या दिवशीही झोप लागत नाही. सगळे म्हणतात योगा कर. नोकरी सोडू का, की माझ्यातच काही कमी आहे?’

मी 31 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली 14 वर्षं वॉर्डची इन्चार्ज होते. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते.

आधी त्या रागाबद्दल. बेल वाजली की राग येणं हे तुझ्या स्वभावाचं लक्षण नाही, ही अवस्थाच तशी असते. बर्नआउट हा शब्द या अर्थाने 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वापरला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणारी माणसं हळूहळू कोरडी पडत जाताना त्यांनी पाहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात याच्या तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. त्याच वर्गीकरणात हेही स्पष्ट लिहिलंय की हा आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि न आवरलेल्या ताणातून येणारी ही गोष्ट आहे. म्हणजे शोध घ्यायचा तो वॉर्डात घ्यायचा.

तर वॉर्डाचा हिशोब मांडू. मी हा हिशोब नव्या मुलींना फळ्यावर करून दाखवते.

नाइट रात्री 8 ते सकाळी 8, म्हणजे 720 मिनिटं. दोघींची मिळून 1440. येताना अर्धा तास आणि जाताना अर्धा तास हॅन्डओव्हर, दोघींचे मिळून 120 गेले. उरले 1320. तीस पेशंटांत वाटले तर एकाला सबंध रात्रीत 44 मिनिटं. आता त्याचं काम बघ. तीन वेळा व्हायटल्स, म्हणजे ताप, नाडी, बीपी, प्रत्येकी पाच मिनिटं, झाली 15. तीन वेळा औषधं आणि इंजेक्शनं, प्रत्येकी सहा, झाली 18. फाइल लिहायला 10. एकूण 43. उरला एक मिनिट. त्या एका मिनिटात त्याची सलाइन बदलायची, बेडपॅन द्यायचं, नातेवाइकाला उत्तर द्यायचं, आणि तू स्वतः पाणी प्यायचं, बाथरूमला जायचं. यात एकही नवीन अ‍ॅडमिशन धरलेलं नाही. रात्री दोन वाजता एखादा पेशंट बिघडला आणि त्याला आयसीयूत हलवायला दोघी पळाल्या, तर बाकी 29 जणांच्या वाट्याचा वेळ कुठून आणणार? शिवाय तुझ्याबरोबरची मुलगी नवीन आहे, तिला प्रत्येक गोष्टीला दीडपट वेळ लागणारच.

सुट्टीचंही तसंच आहे. वर्षाचे 365 दिवस, त्यातून 52 साप्ताहिक ऑफ आणि समज 30 रजा वजा केल्या की 283 उरतात. रोज भरायची एक जागा असेल तर तिच्यासाठी सव्वा माणसापेक्षा जास्त लागतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांतही रजेसाठी 30 टक्के जादा पदं धरायला सांगितलंय, आणि साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डासाठी पाच पेशंटांमागे एक नर्स असं प्रमाण आहे. नागपुरात किती रुग्णालयांत हे पाळलं जातं ते तुला-मला सांगायला नको. पण निकष आहे एवढं माहीत असलं म्हणजे ‘माझ्यातच काही कमी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला स्वतःला टोचत बसावं लागत नाही. तीस खाटांमागे दोघी ही कमतरता रोस्टरची आहे, तू ती आपल्या अंगावर घेतली आहेस.

अंगावर घेण्याचं मला बोलायचंय, कारण तिथे मी स्वतः चुकले होते.

मी इन्चार्ज असताना ‘माझा वॉर्ड कधी अडला नाही’ हे मी अभिमानाने सांगायची. कोणी आलं नाही की मी थांबायची. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा. एप्रिल 2021 मध्ये नागपुरात कोविडची दुसरी लाट आली तेव्हा आम्ही काय केलं ते शब्दांत सांगता येत नाही, पण तेव्हा मी कोसळले नाही. तेव्हा सगळेच धावत होते, बाहेरून माणसंही आणली होती. कोसळले त्याच वर्षी नोव्हेंबरात. वॉर्ड नेहमीसारखा झाला होता, जादाची माणसं कमी केली होती, चार सिस्टर सोडून गेल्या होत्या. मी माणसं मागायला गेले. उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुमचा वॉर्ड तर मस्त चाललाय.’ त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. औषधं वेळेवर जात होती, फाइली पूर्ण होत्या, तक्रार नव्हती. चार माणसांची जागा आम्ही आमच्या झोपेने भरली होती आणि झोप कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही.

त्या महिन्यात एका रात्री मी लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज भरली. अकरा नंबरच्या पेशंटचं होतं ते. पहाटे साडेपाचला चौदा नंबरजवळ जाऊन मी आजीचा हात धरला, बाही वर केली, स्पिरिटचा बोळा फिरवला. आजी काटोलकडची होती, दम्याने आलेली. ती म्हणाली, ‘सिस्टर, मले त शुगर नाही ना वं.’ अकरा आणि चौदा नंबर, दोघींचं आडनाव एकच होतं, पण तो बहाणा झाला. आजीच्या हातातला नावाचा पट्टा मी वाचलाच नव्हता. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि लिनन रूममध्ये जाऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. हात थांबत नव्हते. माझ्या वॉर्डात दुहेरी तपासणीचा नियम मीच लावला होता, आणि तपासायला दुसरी सिस्टरच नव्हती.

त्या दिवसापासून मी भरून काढणं थांबवलं आणि लिहायला लागले. तुलाही पहिलं हेच सांगते: शंभर पानी वही घे. दर ड्युटीला पाच ओळी. तारीख, शिफ्ट, पेशंट किती, सिस्टर किती, काय राहिलं. ‘काय राहिलं’ हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘खूप ताण होता’ असं लिहू नकोस, त्याला कोणी विचारत नाही. असं लिही: ‘रात्री 2 चे व्हायटल्स नऊ पेशंटांचे झाले नाहीत. पहाटे 6 चं अँटिबायोटिक सात जणांना 50 मिनिटं उशिरा. दोघींपैकी कोणीही जेवलं नाही.’ कोणाचं नाव नको, पेशंटचंही नको, वहीत नुसते आकडे. वॉर्डातल्या चौघी-पाचजणींनी लिहिलं तर फारच उत्तम, कारण एकटीची वही म्हणजे तुझी कुरकूर ठरते आणि पाचजणींची वॉर्डाची परिस्थिती. तुमच्या रुग्णालयाला एनएबीएचचं, म्हणजे दर्जाचं, मानांकन असेल तर इन्सिडेंट रिपोर्टचा फॉर्म असतोच. चूक घडता घडता राहिली तेही त्यात भरायचं असतं. ते भर. माझी इन्सुलिनची गोष्ट मी स्वतःच्या नावाने भरली. भीती वाटली, पण भरली.

चार आठवड्यांनी ते आकडे एका पानावर काढून आम्ही तिघी वैद्यकीय संचालकांना भेटलो. मागणी एकच ओळीची ठेवली होती: नाइटला तिसरी सिस्टर. चार मिळाल्या नाहीत. एक सिस्टर मिळाली आणि एक वॉर्ड क्लार्क मिळाला, जो फार्मसीची मागणीपत्रं, डिस्चार्जची फाइल आणि विम्याचे (टीपीएचे) कागद बघू लागला. त्या क्लार्कने आमचं दिवसाचं तीन-साडेतीन तासांचं काम उचललं. म्हणून सांगते, नर्स मिळत नसेल तर नर्सने करायची गरज नसलेली कामं काढून मागा. व्यवस्थापनाला ते स्वस्त पडतं आणि लवकर मान्य होतं.

पण हे व्हायला महिना-दोन महिने जातील. तोवर आज रात्रीची ड्युटी तुला करायचीच आहे.

हॅन्डओव्हर झाल्यावर नव्या मुलीला घेऊन पाच मिनिटं बसा आणि ठरवा, आज डोळ्यांत तेल घालून कोणाकडे बघायचं. तीसजणांत असे पाच-सहाच असतात: आजचं ऑपरेशन झालेला, ताप उतरत नसलेला, पडण्याची भीती असलेला म्हातारा. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम, रक्त, ही चार कामं कितीही गर्दी असली तरी दोघींनी बघूनच. बाकी कामांत काय मागे पडलं तर चालेल तेही आधीच ठरवा. पहाटे चारला स्पंजिंग झालं नाही, चादर सकाळच्या पाळीने बदलली, रजिस्टरला लाल रेघा मारायच्या राहिल्या, तर कोणाचा जीव जात नाही. ठरवून मागे ठेवलेलं काम मनावर तितकं बसत नाही. न ठरवता राहिलेलं काम मात्र घरी गाडीवरून तुझ्याबरोबर येतं.

आरएमओशी, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांशी बोल. स्टेबल पेशंटांचे रात्रीचे व्हायटल्स सहा तासांनी केले तर चालतील का, असं पेशंटगणिक विचार आणि होकार आला तर केसपेपरवर ऑर्डर लिहून घे. तोंडी नको. माझ्या अनुभवात तीसपैकी दहा-बारा जणांचं असं होऊ शकतं. आणि एक: रात्री दहाला सगळ्यांकडे एक चक्कर मार आणि प्रत्येकाला तेच विचार, लघवीला जायचंय का, दुखतंय का, पाणी जवळ आहे का. हे करायला वेळ नाही असं वाटेल. पण त्या चकरेनंतर बेल कमी वाजते. जेव्हा वाजते तेव्हा तिला काही कारण असतं, आणि मग तितका रागही येत नाही.

न घेतलेले व्हायटल्स मात्र कधी लिहू नकोस. ‘सगळे लिहितात, तू पण 120/80 टाक’ असं कोणी म्हटलं तरी नाही. त्या आकड्याखाली सही तुझी असते, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तुझं असतं, आणि खोटा आकडा लिहिला की कमतरता पुन्हा एकदा झाकली जाते. ‘घेता आले नाहीत’ असं लिहायचं, वेळ घालायची, सही करायची.

आता डबल ड्युटी. नाइटनंतर मॉर्निंग म्हणजे रात्री 8 ते दुपारी 2, अठरा तास. ड्युटीला येण्याआधी संध्याकाळी पाचला उठली असशील तर सकाळी दहाला तुला जागून 17 तास झाले. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मोजलं होतं की 17 तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं बिघडतं. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 आहे. हे वाचलं तेव्हा मला रहाटे कॉलनी चौक आठवला. तिथे मी एकदा नाइटवरून येताना लाल सिग्नलमध्ये गाडी घातली होती आणि पलीकडे गेल्यावर कळलं. तू खापरीला राहतेस, वर्धा रोडवरून ट्रकांच्या मधून जातेस. नाइट असेल त्या दिवशी गाडी घरी ठेव. रहाटे कॉलनीला मेट्रोत बसलीस की थेट खापरी. डुलकी लागली तर लागू दे, शेवटचंच स्टेशन आहे.

डबल नाकारायची कशी, हे कोणी शिकवत नाही. कारण सांगू नकोस. मुलगा आजारी आहे म्हटलं तर ‘सासूबाई आहेत ना’ असं उत्तर येतं, आणि मग तुझं घर चर्चेला येतं. एवढंच म्हण: ‘मॅडम, आज डबल जमणार नाही. उद्या माझ्या ड्युटीला मी वेळेवर आहे.’ पुन्हा विचारलं तर तेच वाक्य पुन्हा. महिन्याला जास्तीत जास्त दोन, आणि नाइटला जोडून कधीच नाही, असं आधीच इन्चार्जला सांगून ठेव. इन्चार्जवर राग धरू नकोस. रात्री साडेसातला फोन करून विनवणी करणारी ती बाई स्वतः अकरा तासांपासून उभी असते, हे मी त्या खुर्चीवरून सांगते.

आणि डबल केलीच तर तिचे पैसे माग. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा रुग्णालयांनाही लागू आहे. जादा तासांना दुप्पट दराने वेतन, आठवड्याची सुट्टी, आणि वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा. ‘आमच्याकडे कॉम्प-ऑफ देतो’ म्हणतात आणि तो ऑफ कधी लागत नाही. हजेरीचा फोटो दर महिन्याला काढून ठेव.

शरीराची तपासणी करून घे. हे मी हट्टाने सांगते, कारण आपण नर्सेस दुसऱ्यांचं रक्त काढतो आणि स्वतःचं वर्षानुवर्षं बघत नाही. सीबीसी, थायरॉइड, बी-12, शुगर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे, तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं आणि तुझी ती तपासणी कधी झाली नसेल तर तीही कर. माझ्या हाताखालची एक मुलगी सहा महिने ‘मला कामच नको वाटतं’ म्हणून रडत होती. हिमोग्लोबिन निघालं 7.2.

मनाचंही तसंच. ऑफच्या दिवशी, रजेवर असताना, मुलगा मांडीवर बसलेला असतानाही काहीच बरं वाटत नसेल, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडत असेल, किंवा नसलेलंच बरं असा विचार एकदाही आला असेल, तर ते आता वॉर्डापुरतं राहिलेलं नाही. मग डॉक्टर लागतात. आपल्या रुग्णालयात सगळे ओळखीचे म्हणून लाज वाटते, ते मला समजतं. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, तिथे तू फक्त एक पेशंट असशील. टेली-मानसचा 14416 हा नंबर 24 तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि झोपेसाठी वॉर्डच्या कपाटातली गोळी घेऊ नकोस. एक अल्प्राझोलाम, मग दोन, असं करत गेलेल्या दोन चांगल्या सिस्टर मी गमावल्या आहेत.

योगा वाईट नाही, जमला तर कर. पण नाइटवरून आलेल्या बाईला सकाळी नऊला सूर्यनमस्कार घालायला सांगणाऱ्याला झोपेचं मोल माहीत नाही. तुला आधी झोप हवी. खिडकीला जाड काळा पडदा लाव, मे महिन्यात कूलरची सोय आधी त्या खोलीत कर, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पहाटे तीननंतर चहा बंद. ऑफच्या दिवशी ड्युटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट. अगदीच अडलं तर फोन करतात.

घरी बोलावंसं वाटत नाही याचा अपराधीपणा तर सोडूनच दे. मी घरी सांगून ठेवलं होतं की आल्यावर वीस मिनिटं मला कोणी काही विचारायचं नाही. मी पायातलं काढून मागच्या ओट्यावर बसायची, पाय बादलीतल्या पाण्यात. पहिले काही दिवस सगळे गोंधळले. मग माझी लहानगीच बादली भरून ठेवायला लागली. तुझा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला वीस मिनिटं कळत नाहीत, पण ‘हे गाणं संपेपर्यंत’ कळतं. नवरा स्वतः शिफ्ट करतो, त्याला नाइटचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पण हे सगळं तू त्याला एकदा शांतपणे सांगितलं आहेस का? पत्रात तो फक्त बुटीबोरीत आहे.

नोकरी सोडायची का? तीन महिने दे. वही लिही, आकडे घेऊन जा, डबल कमी कर. काही हललं तर थांब. आकडे दाखवल्यावर धमकी आली, पगार लांबायला लागला, किंवा खोटे व्हायटल्स लिहायला वरूनच सांगितलं, तर थांबण्यात अर्थ नाही. जाताना नोटिस पिरियड पूर्ण कर, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं प्रमाणपत्र हातात घे, नाहीतर पुढच्या ठिकाणी तुझी इथली वर्षं मोजणार नाहीत. डायलिसिस युनिट, ऑपरेशन थिएटर, शाळेतली नर्स, यात नाइट कमी असतात, याही दारांवर टकटक कर. फक्त एक कर, नाइटवरून आल्या आल्या राजीनामा लिहू नकोस. दोन रात्री सलग झोपल्यावरही तेच वाटलं तर लिही.

आणि ते आजोबा अजून अ‍ॅडमिट असतील तर आज ड्युटीवर गेल्यावर दोन मिनिटं त्यांच्या खाटेजवळ जा. लांबलचक माफी नको. ‘आजोबा, परवा मी जोरात बोलले, चुकलं माझं,’ एवढं म्हण आणि युरिनलची बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी टांगून ठेव, म्हणजे प्रत्येक वेळी बेल वाजवावी लागणार नाही. मी त्या सकाळी लिनन रूममधून उठून चौदा नंबरच्या आजीकडे गेले होते. सगळं खरं सांगितलं, कोणाचं इंजेक्शन होतं, काय झालं असतं. तिने माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, आणि म्हणाली, ‘जाऊ दे वं माय. तू राती जेवली का नाही?’